चार पंपघरे आणि एक नवा मोडेम: जुने-नवे मोडेम जुळत नाहीत तेव्हा

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. पाणीपुरवठा योजनेच्या चार पंपघरांत नव्वदच्या दशकातले डेटा लॉगर (मोजमापे नोंदवणारी यंत्रे) आहेत. प्रत्येकाजवळ २४०० बीपीएसचा (सेकंदाला २४०० बिट) बाहेरचा मोडेम, म्हणजे फोनवरून डेटा पाठवणारी पेटी, आणि टेलिफोनची लाइन आहे. ऑफिसातला जुना मोडेम वळवाच्या विजेत गेला, म्हणून यूएसबीवर चालणारा ५६के मोडेम आणला. पहिल्यांदा ‘नो डायलटोन’ येत होता, तो कोणीतरी सांगितलेल्या ‘एक्स३’ या कमांडने गेला. आता पहिले पंपघर बराच वेळ किंचाळून ‘नो कॅरियर’ (दोघांचा सूर जुळला नाही) देते. दुसरे जोडले जाते, पण लॉगर तोंड उघडत नाही. तिसऱ्याकडून निम्मे आकडे बरोबर आणि निम्मी चिन्हे कचरा येतात. चौथ्याची लाइन गेल्या वर्षी फायबरवर गेली, ते मिनिटभरात तुटते. दुकानदार म्हणतो, नवा मोडेम जुन्याला चालतच नाही, चारही ठिकाणचे बदला.

एवढ्यात काही बदलू नका. चार तक्रारींची चार वेगळी कारणे दिसताहेत आणि त्यांतल्या तीन ऑफिसात खुर्चीवर बसून मिटतील. मी हे काम मोडेमचे दिवस भरात होते तेव्हापासून करतो आहे. ‘दोन मोडेम जुळत नाहीत’ ही तक्रार ऐकली की मी एकच गोष्ट विचारतो: नेमके कुठवर जुळले आणि कुठे फाटले? डायल टोन, उत्तराचा सूर, वेग ठरवणे, चुका दुरुस्त करण्याचा करार आणि शेवटी खरा डेटा, या पाच पायऱ्या आहेत. वरच्या पायरीचा दोष खालच्या पायरीवर शोधत बसले की दिवस वाया जातो.

(कमांड मी देवनागरीत लिहितो आहे. टाइप करताना तीच अक्षरे रोमनमध्ये टाका, आणि सुरुवातीला ‘एटी’ नसेल तिथे ते लावा.)

‘एक्स३’ने नेमके काय केले ते आधी सांगतो, कारण ते न कळता चाललेले औषध आहे. आपल्याकडचा डायल टोन म्हणजे ४०० हर्ट्‌झचा सूर, २५ हर्ट्‌झने घुमवलेला. अमेरिकेत ३५० आणि ४४० हर्ट्‌झचे दोन सूर एकत्र वाजतात. अमेरिकेच्या सेटिंगवर आलेला मोडेम आपला टोन ऐकतो, पण त्याला तो डायल टोन वाटत नाही. एक्स३ म्हणजे ‘टोनची वाट पाहू नकोस, थेट नंबर फिरव, पण एंगेज टोन मात्र ओळख’. एक्स१ टाकलात तर तो एंगेजही ओळखणार नाही आणि नंबर व्यस्त असताना वेळ संपेपर्यंत बसून राहील. म्हणून एक्स१ टाकू नका. खरा उपाय देशाचे सेटिंग करण्याचा: ‘एटी+जीसीआय=५३’, भारताचा कोड ५३. तुमची चिप हा कमांड मानत असेल तर आधी तो द्या. त्याने एंगेज टोनची ओळखही सुधारते. मध्ये ऑफिसचा इंटरकॉम असेल तर शून्यानंतर एक-दोन स्वल्पविराम द्या, एका स्वल्पविरामाला साधारण दोन सेकंदांचा थांबा मिळतो.

आता पहिले पंपघर. मोडेम बाजूला ठेवा आणि साध्या फोनवरून त्या पंपघराचा नंबर फिरवून कान लावा. हे कोणी करत नाही, आणि निम्मे निदान इथेच होते. पलीकडून साधारण तीन सेकंद २१०० हर्ट्‌झची सरळ शिट्टी यायला हवी. ती एकसलग असेल आणि तिच्यानंतर क्षणभर थांबून दुसरा, जरा कर्कश सूर लागत असेल, तर पलीकडे खरोखरच जुना व्ही.२२बिस, म्हणजे २४००चा, मोडेम आहे (व्ही.ची ही नावे म्हणजे मोडेमांच्या ठरलेल्या बोली). शिट्टीत दर अर्ध्या सेकंदाला बारीक टचका ऐकू आला, तर तो लाइनवरचे इको कॅन्सलर (प्रतिध्वनी काढणारी यंत्रणा) बंद पाडण्यासाठी सूर उलटवतो आहे, म्हणजे मोडेम ९६००च्या, व्ही.३२च्या घराण्यातला असणार. आणि शिट्टी थरथरत असेल, तंबोऱ्याची तार सैल झाल्यासारखी, तर तो व्ही.८ (कोणत्या बोलीत बोलायचे ते ठरवण्याची पद्धत) बोलणारा, म्हणजे व्ही.३४ किंवा त्यापुढचा वेगवान. त्या पेटीवर २४०० लिहिलेले असले, तरी मधल्या काळात कोणी बदलली नाही ना, हे तुम्हाला फोनवरच कळते.

शिट्टीच आली नाही, फोन नुसता वाजत राहिला, तर दोष जुळण्याचा नाहीच. तिकडचा मोडेम उत्तरच देत नाही. वीज गेली असेल, किंवा ‘एस०=१’ (पहिल्या रिंगला फोन उचल) हे सेटिंग पुसले गेले असेल.

शिट्टी सरळ आली असे धरतो. तुमचा नवा मोडेम हुशार आहे आणि इथे तेच नडते. तो कॉल लावला की आधी व्ही.८मध्ये बोलायला बघतो, मग व्ही.३४, मग व्ही.३२ची चाचपणी, आणि हे सगळे फसल्यावर २४००वर उतरतो. नियमाप्रमाणे सरळ शिट्टी ऐकल्यावर त्याने लगेच जुन्या पद्धतीवर यायला हवे. चांगले मोडेम येतात. स्वस्तातले, ज्यांचे निम्मे काम संगणकाचा प्रोसेसर करतो, ते रेंगाळतात. पलीकडच्या म्हाताऱ्याचा धीर तोवर सुटतो आणि तो फोन ठेवतो. म्हणून नव्याचे तोंड आपणच बंद करायचे.

आधी ‘एटी+एमएस=?’ विचारा. उत्तरात आकडे आले तर चिप जुन्या पद्धतीची आहे: ‘एटी+एमएस=२,०’. व्ही२२बी असे नाव आले तर नव्या पद्धतीची: ‘एटी+एमएस=व्ही२२बी,०’. पहिला भाग कोणती पद्धत ते सांगतो, शून्य म्हणजे ‘स्वतःहून दुसरे काही करून पाहू नकोस’. हे शून्य विसरलात तर आधीचे सगळे व्यर्थ. यूएस रोबोटिक्सचा मोडेम हाताशी असेल तर तिथे ‘&एन३’ने २४०० पक्का होतो. सोबत ‘एस७=९०’ द्या, म्हणजे कॅरियरसाठी दीड मिनिट थांबेल. एसटीडी कॉल जुळायलाच कधी पंधरा-वीस सेकंद जातात, ती या हिशेबात धरली जातात. काही चिपांना एवढा आकडा मान्य नसतो, तेव्हा ६०वर समाधान माना.

मधल्या काळातल्या किती जणांनी माझ्याकडे ‘दोन्हीकडे ५६के आहेत, तरी ५६के का नाही’ म्हणून तक्रार केली, त्याची मोजदाद नाही. व्ही.९०चा, म्हणजे ५६केचा, वेग फक्त तेव्हा मिळतो जेव्हा एक टोक थेट डिजिटल लाइनवर असते, जसे इंटरनेट कंपनीकडे असायचे. दोन घरगुती मोडेम आपसात ३३,६००च्या वर कधीच जात नाहीत. १९९७ साली तर भांडण आणखी वरचे होते. यूएस रोबोटिक्सचा एक्स२ आणि रॉकवेल-ल्यूसंटचा के५६फ्लेक्स, दोघेही ५६के म्हणवायचे आणि एकमेकांशी त्या वेगाने बोलायचे नाहीत. १९९८मध्ये व्ही.९० आले तेव्हा तो तंटा मिटला. तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध एवढाच की पेटीवरचा आकडा बघून कोणाशी काय जुळेल ते ठरत नाही. पुढे कधी नव्याशी नवा जोडून अडचण आली, तर पहिले काम व्ही.९० बंद करणे. ल्यूसंटच्या चिपवर ते ‘-व्ही९०=०’ने होते, इतरांवर ‘+एमएस’मध्ये व्ही.३४ पक्का करून.

दुसऱ्या पंपघराची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण हा दोष पाहणाऱ्याला चक्रावून टाकतो. कनेक्ट आले, दिवा लागला, पण लॉगर गप्प. लॉगर बिघडला असे म्हणून माणूस पाठवला की तिथे तो ठणठणीत असतो.

कॅरियर जुळल्याबरोबर तुमचा नवा मोडेम पलीकडे हाळी देतो: ‘व्ही.४२ येते का तुला?’ व्ही.४२ म्हणजे चुका दुरुस्त करण्याचा तो करार. ही हाळी म्हणजे एक ठरावीक अक्षर, दर वेळी पॅरिटी (तपासणीचा जादा बिट) उलटसुलट करून परत परत पाठवलेले. व्ही.४२ जाणणारा मोडेम ती हाळी स्वतः गिळतो आणि ‘ई’, ‘सी’ अशा अक्षरांनी होकार देतो. तुमच्या पंपघरातला जुना मोडेम व्ही.४२ जाणत नाही. त्याच्या लेखी आलेले सगळे म्हणजे डेटा, आणि डेटा तो इमानदारीने लॉगरला देतो. लॉगर तेव्हा पासवर्डची वाट पाहत असतो. त्याला सुरुवातीलाच हे भलतेच काहीतरी मिळते, तो चुकीचा पासवर्ड धरतो आणि रुसून बसतो. शिवाय ते अक्षर म्हणजे ज्याला एक्सऑन (‘पाठव’चा इशारा) म्हणतात तेच, त्यामुळे काही लॉगर त्याचा आणखी वेगळाच अर्थ काढतात. जुन्या मोडेमला ही हाळी देण्याची सवयच नव्हती, म्हणून पंचवीस वर्षे सगळे सुरळीत चालले.

उपाय एका ओळीचा. ‘\एन०’ दिले की चुका दुरुस्त करण्याचा करारच होत नाही, हाळी जात नाही. यूएस रोबोटिक्सवर त्यासाठी ‘&एम०’. काही चिपांवर ‘&क्यू६’. करार नाही म्हणजे लाइनवरचा खरखराट थेट अक्षरांत उतरणार, पण लॉगरच्या प्रोटोकॉलला (बोलण्याच्या ठरलेल्या पद्धतीला) स्वतःची चेकसम, म्हणजे चूक पकडणारी बेरीज, असतेच, तो परत मागून घेतो.

आणि तुमच्या लॉगरचा प्रोटोकॉल मॉडबस आरटीयू निघाला, तर हा करार बंद ठेवणेच शहाणपणाचे आहे. मॉडबसमध्ये फ्रेम (एक पूर्ण निरोप) संपली हे कळते ते शांततेवरून: साडेतीन अक्षरांएवढा वेळ काही आले नाही की फ्रेम संपली. व्ही.४२ डेटाचे गठ्ठे बांधून पाठवतो, त्यामुळे एका फ्रेमच्या मधोमध नको तिथे खंड पडतो आणि लॉगर अर्धी फ्रेम फेकून देतो. शिवाय एक्सऑन-एक्सऑफ प्रकारचा फ्लो कंट्रोल (‘पाठव’ आणि ‘थांब’ अशा अक्षरांनी डेटा रोखणे) कधीही लावू नका. मॉडबसचा डेटा बायनरी असतो, त्यात ही दोन अक्षरे खरोखरची मूल्ये म्हणून येतात आणि मोडेम ती गिळून टाकतो. एखाद्या टाकीची पातळी १७ किंवा १९ (याच दोन अक्षरांचे आकडे) झाली की संपर्क तुटतो, बाकी दिवस ठीक, असा विचित्र दोष कुठे दिसला तर आधी इथे बघा.

मॉडबसचा आणखी एक काटा आहे. त्याच्या मूळ नियमात आठ बिट, सम पॅरिटी आणि एक स्टॉप, म्हणजे सुरुवातीचा धरून अकरा बिटांचे अक्षर. स्वस्तातले बहुतेक मोडेम दहा बिटांचेच अक्षर जाणतात. ऑफिसात तारेने जोडून चालणारा लॉगर मोडेमवरून चालत नाही, याचे कारण कधी कधी एवढेच असते. मग लॉगरलाच ८-एन-१वर (आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप) आणावे लागते.

आता तिसरे पंपघर, निम्मे आकडे बरोबर. तुम्ही नमुना पाठवलेला नाही, म्हणून एक सोपी चाचणी देतो. नीट येणारे आकडे ०, ३, ५, ६, ९ आहेत का? आणि १, २, ४, ७, ८ यांच्या जागी विचित्र चिन्हे येतात का? तसे असेल तर लॉगर ७-ई-१ (सात बिट, सम पॅरिटी, एक स्टॉप) बोलतो आहे आणि तुमचा संगणक ८-एन-१ ऐकतो आहे. सात बिटांच्या अक्षरात एकांची संख्या सम असेल तर पॅरिटीचा बिट शून्य राहतो आणि अक्षर जसेच्या तसे दिसते. विषम असेल तर आठवा बिट उचलला जातो आणि कचरा दिसतो. दोन्ही रचनांत अक्षर दहा बिटांचेच, म्हणून मोडेमला काही वावगे वाटत नाही.

जुन्या मोडेमला हे कसे जमत होते? तो संगणकाच्या कॉम१ या पोर्टवर होता, आणि सॉफ्टवेअरमध्ये त्या पोर्टची पॅरिटी फार वर्षांपूर्वी कोणीतरी बरोबर लावून ठेवलेली असणार. यूएसबी मोडेमला विंडोजने नवा नंबर दिला, कॉम५ किंवा तसा काही, आणि नव्या पोर्टला सगळी मूळ सेटिंग. मोडेमचा यात काही गुन्हा नाही.

आकड्यांचा असा ठसा नसेल, लॉगर शांत असतानाही अधूनमधून आपोआप अक्षरे उगवत असतील, तर तो लाइनचा खरखराट. लाइनमनला बोलावून जॉइंट बघायला सांगा. पावसाळ्यात पिलर बॉक्समध्ये ओल येते आणि उन्हाळ्यात सगळे नीट होते, हे चक्र ज्याने फोनची कामे केली त्याला सांगावे लागत नाही. मोडेमकडून मदत म्हणून ‘एस१०=५०’ ठेवा. कॅरियर पाच सेकंद गेला तरच फोन ठेवेल, मूळ सेटिंगमध्ये तो साधारण दीड सेकंदातच ठेवतो. पण एस१०ला २५५ देऊ नका. त्याचा अर्थ ‘कॅरियर गेला तरी फोन ठेवू नकोस’ असा होतो, आणि लाइन रात्रभर अडकून पडते. एसटीडीच्या काळात एका ठिकाणी असे एक बिल आले होते, त्याचा आकडा मी कोणाला सांगत नाही.

एवढे करूनही पंपघरात जावेच लागले, तर एक सापळा सांगून ठेवतो. मी त्यात दोनदा पडलो आहे, दोन्ही वेळा घाट चढून. मोडेम आपल्या लॅपटॉपला जोडतो, सगळे कमांड देतो, ‘&डब्ल्यू’ने साठवतो, लॉगरला लावतो आणि खाली येतो. ऑफिसातून डायल केले की कनेक्ट येते आणि पुढे काही नाही. कारण मोडेम शेवटचा ‘एटी’ ज्या वेगाने ऐकतो, तोच वेग पकडून बसतो. मी लॅपटॉपवरून ११५२००ने बोललो होतो, लॉगर बोलतो २४००ने. म्हणून टर्मिनल आधी २४००वर आणायचे, मग कमांड द्यायचे, मग साठवायचे. हा क्रम उलटा झाला की पुन्हा घाट.

त्याच भेटीत आणखी तीन गोष्टी. ‘ई०क्यू१’ द्या, म्हणजे मोडेम लॉगरला रिंग, कनेक्ट असले शब्द सांगत बसणार नाही. नाहीतर लॉगर त्या शब्दांना उत्तर देतो, मोडेम त्याची री ओढतो, आणि दोघे आपसात गप्पा मारत राहतात. केबल तीन तारांची असेल तर ‘&डी०’ आणि ‘&के०’ हवेत, कारण लॉगरकडून डीटीआर आणि आरटीएसची (‘मी तयार आहे’, ‘पाठवू का’ अशा इशाऱ्यांची) तार आलेलीच नसते आणि मोडेम त्यांची वाट बघत बसतो. आणि साठवल्यावर मोडेमची वीज खरोखर काढून परत लावा, मगच दार बंद करा. भारनियमनाचा पहिला फेरा आल्यावर हे कळण्यापेक्षा तिथेच कळलेले बरे.

उरले फायबरवाले. तिथे आता तुमच्या मोडेमचा सूर तांब्याच्या तारेवरून जात नाही. घरातला डबा त्याचे तुकडे करून पॅकेटांतून पाठवतो. जी.७११ कोडेक (आवाज आकड्यांत बदलण्याची पद्धत) असेल, आपल्याकडे त्याचा ए-लॉ प्रकार, तर आवाज जवळजवळ जसाच्या तसा जातो आणि २४०० चालण्याची बरीच आशा असते. व्ही.२२बिसमध्ये एक बाजू १२०० हर्ट्‌झच्या आसपास बोलते, दुसरी २४००च्या आसपास, दोघांचे मार्ग वेगळे, म्हणून तो पुष्कळ सोसतो. व्ही.३२ आणि व्ही.३४मध्ये दोघे एकाच पट्ट्यात एकाच वेळी बोलतात आणि स्वतःचा प्रतिध्वनी वजा करून दुसऱ्याचे ऐकतात. मधल्या डब्याचा बफर (पॅकेटे क्षणभर साठवण्याची जागा) थोडा जरी सरकला की त्यांचा हिशेब चुकतो. जी.७२९सारखा आवाज दाबणारा कोडेक असेल तर मात्र मोडेम विसरा, तो माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेला आहे.

मिनिटभर चालून तुटते म्हणजे कोडेक बहुधा ठीक आहे आणि बफर सरकतो आहे. आधी २४०० पक्का करून बघा, नाही टिकले तर १२००वर उतरा: ‘+एमएस=१,०’, नव्या पद्धतीत ‘+एमएस=व्ही२२,०’. लॉगरच्या रीडिंगला १२०० पुरतात, दोन मिनिटांचे चार होतील एवढेच. त्यानेही टिकले नाही तर टेलिफोन कंपनीच्या स्थानिक ऑफिसात जाऊन तीन गोष्टी मागा: त्या नंबरला फक्त जी.७११, शांतता दाबण्याची सोय बंद, आणि बफर स्थिर. ‘फॅक्स चालत नाही’ म्हणून तक्रार द्या. मोडेम म्हटलात तर समोरचा हसेल, फॅक्सचे सेटिंग त्याच्या यादीत असते आणि तुमचे काम त्यातच होऊन जाते.

तेही जमले नाही, तर हे एकच पंपघर असे आहे जिथे मी यंत्र बदलायला सांगेन, आणि तिथे मोडेमऐवजी सिमकार्डवर नेट चालवणारा नवा लॉगरच घ्या. जुन्या जीएसएम मोडेमवर ‘+सीबीएसटी=७’ देऊन ९६००चा डेटा कॉल लावायची जी युक्ती कोणी सुचवेल, ती फोर-जीत चालत नाही, कारण तिथे तसा डेटा कॉलच नाही. तोवर चौथ्याचे रीडिंग पंपचालकाकडून फोनवर घ्या, आणि पहिल्या तिघांवर कमांड चालवून ‘एटीआय३’चे (मोडेमची ओळख विचारणाऱ्या कमांडचे) उत्तर आणि तिसऱ्या पंपघराच्या कचऱ्याच्या दहा ओळी मला पाठवा.